पुढच्या खोलीवरची रीप

आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे आतोबांना, मी तोंडावर ‘तुम्ही’ म्हणते. वयाने मोठा माणूस, म्हणावं लागतं. लिहिताना मात्र माझ्यावर कोणाची सक्ती नाही, म्हणून इथे तो ‘तो’च राहील.

तर तो घर विकायला निघाला होता. लाकडी छपराचं घर विकायचं तर कीड तपासल्याचा दाखला लागतो आणि तो आमची कचेरी देते. अर्ज आला तेव्हा पाळी माझ्या शेजारच्या टेबलावरच्या तपासनिसाची होती. मी अर्जावरचा पत्ता वाचला, चहाचा कप खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, “हे मला दे. तुझी पुढची तीन गोदामं मी करते.” गोदाम म्हणजे उंदीर, धूळ आणि वॉचमनची कुरकुर. त्याला वाटलं, बाईचं आज डोकं फिरलंय. त्याने लगेच अर्ज माझ्याकडे सरकवला.

एकोणीस वर्षं मी त्या पत्त्याची वाट पाहत होते. लोक म्हणतात, राग पोटात ठेवू नये, पित्त होतं. मला कधी झालं नाही. उलट मला त्याच्यावर झोप छान लागते.

माझ्या टेबलावर काचेची एक बरणी आहे. तिच्यात पाइनच्या लाकडाचा वीतभर ठोकळा आणि त्या ठोकळ्यात एक अळी. लांब शिंगांच्या भुंगेऱ्याची. पांढरट, गुबगुबीत, अंगभर वळ्या, डोक्याकडे रुंद. ह्या भुंगेऱ्याची मादी लाकडाच्या चिरेत अंडी घालून मोकळी होते. अळी आत शिरते आणि खात सुटते. तीन वर्षं, पाच वर्षं, लाकूड फार कोरडं असलं तर दहा वर्षंसुद्धा. वरचा कागदाएवढा पापुद्रा मात्र शाबूत ठेवते, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही. मग एखाद्या उन्हाळ्यात भुंगेरा होऊन, लंबगोल भोक पाडून बाहेर येते. बाहेर आल्यावर तो काही खात नाही. दोन-तीन आठवडे हिंडतो, जोडीदार शोधतो, मरतो. खायचं काम सगळं आधीच, अंधारात उरकलेलं असतं.

बरणीतल्या अळीचं नाव मी आतोबा ठेवलंय. झाकणावर तशी चिठ्ठीही चिकटवलीय. सहा वर्षं झाली, अजून बाहेर आलेली नाही. दुपारी कचेरी शांत असली की तिचं कुरतडणं ऐकू येतं, आणि मला बरं वाटतं.

आता राग कसला, ते सांगते. माझे वडील, अप्पा, छपराचे मिस्त्री होते. आतोबाची लाकडाची वखार होती. त्याने घर बांधायला काढलं तेव्हा पुढच्या दोन खोल्यांचं छप्पर अप्पांनी केलं. अप्पांची एक रीत होती. लाकूड आलं की पहिला दिवस नुसता निवडण्यात जायचा. ज्या तुकड्याच्या कडेला साल दिसेल, किंवा सालीखालचं पांढरं, कोवळं लाकूड दिसेल, तो बाद. कीड लागते ती त्या पांढऱ्या भागाला. आतल्या लालसर गाभ्यात तिला खाण्यासारखं काही नसतं. बाद तुकड्यांचा ढीग वेगळा, आणि तो त्याच संध्याकाळी जाळायचा. उद्यावर ठेवायचा नाही. बसवलेल्या प्रत्येक लाकडाच्या खालच्या अंगाला ते पेन्सिलीने तीन रेघा ओढायचे आणि तारीख घालायचे. “उद्या कोणी वर बघितलं तर त्याला कळायला नको का, कोणाचा कान धरायचा ते?” असं म्हणायचे.

मी तेव्हा नऊ वर्षांची. अप्पा मला ठकी म्हणायचे. सुट्टी होती, मी रोज त्यांच्याबरोबर कामावर जायचे आणि पायात पायात करायचे. शेवटच्या दिवशी मी हट्टच धरला, एक तरी लाकूड मी ठोकणार. अप्पा वर वाशांवर बसले होते. हसून म्हणाले, “आण, ठकू, तुला आवडेल ती रीप आण.” कौलांखाली वाशांवर ज्या आडव्या पट्ट्या मारतात, त्यांना रीप म्हणतात. मी माझ्या मनगटाएवढी जाड एक रीप ओढत आणली. अप्पांनी मला कमरेला धरून वर घेतलं, हातात हातोडा दिला. दोन खिळ्यांच्या जागी मी सात ठोकले, त्यातले तीन वाकडे. अप्पांनी एकही उपटला नाही. मी खालून तीन रेघा ओढल्या आणि ‘ठकी’ असं लिहिलं. माझ्या लहानपणातली ती सगळ्यात चांगली दुपार.

त्याच वर्षी पुढे आतोबाने मागच्या तीन खोल्या काढल्या. त्या वेळी त्याने वखारीत पडलेलं, भट्टीत न तापवलेलं, सालीसकट लाकूड वापरायचं ठरवलं. अप्पा म्हणाले, हे मी बसवणार नाही. आतोबा म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. दुसरा मिस्त्री आणून त्याने खोल्या उभ्या केल्या. त्यानंतर चार वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात त्याच्या घरात भुंगेरे निघाले. पलंगावर, ताटाशेजारी, खिडकीच्या काचेवर. मागच्या खोल्यांचे वासे बोटाने दाबले तर बोट आत जायला लागलं.

आणि तो गल्लीभर सांगत सुटला की मेहुण्याने घरात कीड घातली. चोराच्या उलट्या बोंबा. अप्पांचं नाव त्याने ‘भुंगा मिस्त्री’ ठेवलं. नाव त्याचंच, दुसऱ्या कोणाचं नाही. समोरच्या शिंप्याच्या दुकानात बसून ठेवलं, आणि शिंपी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. आठवड्याभरात पोरं अप्पांच्या मागे ‘भूं भूं’ करत फिरायला लागली. शाळेत मी भुंग्याची पोर झाले. घराला भुंगा लावणाऱ्या मिस्त्रीला काम कोण देणार? अप्पा शेवटी एका कारखान्यात सामान भरायची खोकी ठोकायला लागले. अठ्ठावन्न वाशांचं छप्पर एकट्याच्या नजरेने उभं करणारा माणूस, पंधरा वर्षं खोकी ठोकत बसला. चार वर्षांपूर्वी गेले.

त्यांनी एकदाही स्वतःच्या बाजूने तोंड उघडलं नाही. मी विचारायचे, “तुम्ही सांगत का नाही, लाकूड त्यांचंच कच्चं होतं?” तर म्हणायचे, “जाऊ दे गं.” त्या गप्प बसण्याचा राग मला आतोबाच्या बोलण्याइतकाच यायचा. सोळा वर्षांची असताना मी त्यांना एकदा भित्रे म्हणाले. ते खोक्याला खिळा मारत होते. मारत राहिले.

मी शिकले ती ह्या किड्यांसाठीच. लोकांना वाटतं, मला निसर्गाची आवड आहे. मला आवड आहे ती एका वाक्याची. ‘मिस्त्रीच्या लाकडात कीड नव्हती’, एवढं वाक्य मला आतोबाच्या तोंडून, चारचौघांत, शिंप्याच्या समोर ऐकायचं होतं. बाकी घर त्याने विको नाहीतर डोक्यावर घेऊन नाचो.

ऐन उन्हाळ्यातली दुपार मी मुद्दाम निवडली. उकाड्यात अळ्या जोरात खातात, ऐकू चांगलं येतं. दार आत्याने उघडलं. ती आत्या आणि मी भाची, पण मधली एकोणीस वर्षं आम्ही फक्त लग्नांत आणि मयतीत भेटलो होतो. तिने माझ्या खांद्यावरची पिशवी पाहिली, हातातली दुमडती शिडी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

“तू होय?” ती म्हणाली. “कचेरीतून तू येणार?”

“सरकारी काम आहे, आत्या. घर कोणाचं ते आम्ही बघत नाही.”

“खोटं बोलायला कधी शिकलीस?” असं म्हणून तिने मला पाणी दिलं.

आत घर घेणारी बाई बसली होती. दातांची डॉक्टर. पन्नाशीची, बोलघेवडी, पायात कापडी बूट. तिला पुढे दवाखाना आणि मागे बिऱ्हाड करायचं होतं. आणि आरामखुर्चीत तो. वाळला होता. हात मात्र तेच, वखारवाल्याचे, बोटांना अजून चिरा. मला पाहून उठला नाही, पण खुर्चीत सरळ झाला.

“मोठी झालीस,” तो म्हणाला.

“वेळ बराच होता,” मी म्हटलं.

मागच्या खोल्यांपासून सुरुवात केली. डॉक्टरीण माझ्या मागोमाग हिंडत होती आणि सगळं विचारत होती. मी एका वाशावर टोचा टेकवला, हलकेच दाबला. टोचा मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर पिठासारखा भुसा खाली सांडला.

“अगं बाई. वरून तर चकचकीत रंग आहे.”

“रंगानेच धरून ठेवलंय. आत पोकळ आहे.”

“आमच्याकडे असे दात येतात,” ती म्हणाली. “माणूस हसतो छान. चावलं की कळतं.”

मी तिला कान लावायला सांगितला. आधी तिला काही ऐकू आलं नाही. मग ती एकदम मागे सरली. “कोणीतरी नखाने खरवडतंय.”

“ह्या घरातली ती सगळ्यात कष्टाळू मंडळी,” मी म्हटलं. आतोबा दारात उभा राहून ऐकत होता, म्हणून जरा मोठ्यानेच म्हटलं.

मागच्या तिन्ही खोल्यांचं छप्पर बाद होतं. भोकं लंबगोल, करंगळीचं टोक जाईल एवढी. काहींच्या कडा जुन्या, काळवंडलेल्या, काहींच्या ह्याच उन्हाळ्यातल्या, ताज्या, पिवळ्या. वाशांच्या कडांना जागोजागी साल तशीच. अप्पांनी ह्यातला एक तुकडाही शिडीवर चढू दिला नसता. मी सगळं लिहून घेतलं. लिहिताना मला किती आनंद होत होता हे कबूल करते. उपाशी माणसाने पहिला घास घ्यावा, तसा.

डॉक्टरीण फोनवर बोलायला अंगणात गेली तेव्हा मी आतोबाला गाठलं.

“मागचं छप्पर उतरवावं लागेल. ते मी लिहिणारच. प्रश्न पुढच्या खोल्यांचा आहे. ‘पुढचा भाग निर्धोक’ असं लिहिलं तर ती घर घेईल, तेवढी समजूतदार दिसते. ‘संशयास्पद’ लिहिलं तर तिच्यासारखी दुसरी शोधायला तुम्हाला जन्म पुरायचा नाही. आणि ‘संशयास्पद’ हा शब्द आमच्या कचेरीत फुकट मिळतो.”

“काय हवंय तुला?”

“एक वाक्य. मिस्त्रीच्या लाकडात कीड नव्हती, दोष माझ्या लाकडाचा. तिच्यासमोर. आणि शिंप्याला बोलवा, त्याच्यासमोर.”

मला वाटलं होतं तो उसळेल. त्याच्या उसळण्याला तोंड द्यायची तयारी करून आले होते. कोणत्या शब्दाला कोणता शब्द, सगळं ठरवून. तो उसळला नाही. त्याने आत्याकडे पाहिलं. आत्या खाली पाहत होती.

“म्हणतो,” तो म्हणाला. “बोलाव शिंप्याला. म्हणतो मी.”

“आधी मी पुढचा माळा बघून येते.”

“काय करायचंय बघून?” तो पटकन म्हणाला. “तू म्हणतेस ते मी म्हणतोय ना? पुढचं चांगलं आहे. लिही आणि मोकळी हो.”

“वर भट्टी झालीय नुसती,” आत्या म्हणाली. “चक्कर येऊन पडशील. नको जाऊस, बाळा.”

बाळा. एकोणीस वर्षांनी. दोघांना मला वर जाऊ द्यायचं नाही म्हटल्यावर मी काय समजायचं ते समजले. पुढेही काहीतरी लपवलंय, अप्पांचं लाकूड काढून आपलं घुसवलंय, आणखी काय. माझ्या हातात कोलीतच आलं. मी शिडी लावली.

माळ्यावर ताठ उभं राहता येत नव्हतं. कौलांमधून उन्हाच्या तारा आत आल्या होत्या. मी टॉर्च लावला आणि पहिल्या वाशाला टोचा टेकवला. टोचा टणकन परतला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. लालसर, कोरडा, हाडासारखा गाभा. प्रत्येकाच्या खाली तीन रेघा आणि तारीख. तेवीस वर्षं झाली, एका वाशाला साधी भेग नाही. मी एकेका वाशावरून हात फिरवत गेले. घामाने डोळे चुरचुरत होते आणि मी एकटीच त्या माळ्यावर मोठ्याने म्हणत होते, “बघा. बघा म्हणावं.”

शेवटच्या दोन वाशांमध्ये एक रीप वेगळी दिसली. बाकीच्यांपेक्षा नवी. खाली तीन रेघा अप्पांच्याच हाताच्या, पण तारीख चार वर्षं पुढची. भुंगेरे निघाले त्या उन्हाळ्यातली, आतोबा गल्लीत बोंबलायला लागला त्याच्या आधीची. म्हणजे अप्पा इथे परत आले होते. मला हे कधी कोणी सांगितलं नव्हतं.

नवी रीप जिथे संपत होती तिथे जुन्या रिपेचं टोक भिंतीत राहिलं होतं. बाकीची करवतीने कापून काढलेली. हे टोक काढायचं तर भिंत फोडावी लागली असती. मी टॉर्च जवळ नेला. खिळे होते. वीतभर लाकडात चार खिळे, त्यातले दोन वाकडे.

कडेला साल होती.

तेव्हा मला सगळं आठवलं. इतकी वर्षं मला हातोडा आठवत होता, अप्पांचा कमरेला धरलेला हात आठवत होता. रीप कुठून आणली ते आठवत नव्हतं. चांगल्या ढिगातल्या रिपा सगळ्या एकसारख्या, गुळगुळीत होत्या. मला आवडली ती बाद ढिगातली; तिला एका बाजूने साल होती आणि ती झाडासारखी दिसत होती. संध्याकाळी जळणार होती ती. मी तिला वाचवली. आणि अप्पांनी, ज्यांच्या नजरेतून नखभर साल सुटायची नाही त्यांनी, त्या दुपारी रिपेकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे पाहत होते.

मी टोचा लावला. आत भुसा होता, जुना, करडा, दगडासारखा घट्ट बसलेला. भोकं तीन, कडा काळ्या पडलेल्या. मी आयुष्यभर हेच काम करते. कोणतं भोक आधीचं आणि कोणतं नंतरचं, ते मला कोणी शिकवायला नको. मागच्या खोल्यांतल्या सगळ्यात जुन्या भोकांपेक्षाही ही जुनी होती. पहिले भुंगेरे इथून निघाले होते, छप्पर झाल्यावर वर्षभरातच, कोणाच्या नजरेला न पडता; अळ्या रिपेत आधीपासूनच असणार. इथून ते मागे गेले आणि आतोबाच्या सालीच्या लाकडात त्यांना आयतं घर मिळालं.

किती वेळ बसले, माहीत नाही. खालून आत्याने दोनदा हाक मारली.

खाली उतरले तेव्हा सगळे जमले होते. डॉक्टरीण खुर्चीवर, शिंपी गळ्यात टेप अडकवून दाराशी, आत्या भिंतीला टेकून. आतोबा मधोमध उभा होता, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखा. माझ्या कपड्यांवरची धूळ पाहून तो एक क्षण थांबला. मग म्हणाला, स्पष्ट आवाजात, शिंप्याकडे तोंड करून:

“मिस्त्रीच्या लाकडात कीड नव्हती. दोष माझ्या वखारीच्या लाकडाचा होता. मी उगाच त्याचं नाव घेतलं.”

एकोणीस वर्षं मी ज्या वाक्यासाठी काढली ते वाक्य असं, धडधडीत, मला मिळालं. शिंप्याने भुवया वर केल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं असतं. मी फक्त सही करायची होती.

“खोटं बोलताय,” मी म्हटलं.

त्याने आत्याकडे पाहिलं. मग आत्याच म्हणाली, “म्हटलं होतं ना, वर जाऊ नकोस.”

“तुला माहीत होतं?”

“दादा स्वतः आला होता सांगायला. पहिला भुंगा दिसला तेव्हा मी त्यालाच बोलावलं. तो माळ्यावर गेला, संध्याकाळपर्यंत उतरला नाही. मग ती रीप कापून खाली आणली, अंगणात जाळली. म्हणाला, चूक माझी, मी बघायला हवं होतं. म्हणाला, माझं नाव घ्यायचं तर घ्या, पोरीला कळू देऊ नका. तिला जन्मभर वाटत राहील, आत्याचं घर मी बुडवलं.” तिने पदराने तोंड पुसलं. “मी ह्यांना सांगितलं होतं, पोरीचं नाव काढलंत तर मी ह्या घरात राहणार नाही.”

“मी शब्द पाळला,” आतोबा म्हणाला. “आजही पाळत होतो.”

मला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि स्वतःचाही. पण गळा धरायची सवय नाही, बोलायची आहे.

“अर्धा पाळलात,” मी म्हटलं. “अप्पा एका रिपेची चूक कबूल करायला आले. तुम्ही त्यांच्या गळ्यात तीन खोल्या बांधल्या. भट्टीत न घातलेलं, सालीचं लाकूड कोणाचं? ते बसवायला नाही कोण म्हणालं होतं? त्यांना तोंड उघडता येत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. तोंड उघडलं तर माझं नाव निघणार. म्हणूनच तुम्ही एवढे निर्धास्त ओरडलात. ‘भुंगा’ हे नाव कोणी ठेवलं? त्यालाही अप्पांनीच सांगितलं होतं?”

तो खाली बसला. गुडघे चोळायला लागला.

“माझी वखार बुडाली असती,” तो म्हणाला. मग मान वर करून, जुन्या आवाजात, “पण पहिला भुंगा कुठून आला? ते आहे का तुझ्या कागदात?”

“आहे,” मी म्हटलं.

मी टेबलाशी बसले आणि अहवाल पुरा केला. मागच्या तीन खोल्या: छप्पर पूर्ण बाद, लाकूड मुळातच कच्चं, सालीसकट, वखार घरमालकाची. पुढच्या दोन खोल्या: अठ्ठावन्न वासे, निर्धोक. ‘संशयास्पद’ हा शब्द कुठेच घातला नाही. शेवटी एक रकाना असतो, ‘किडीचा उगम’. बहुतेक वेळा आम्ही तिथे ‘अज्ञात’ लिहितो. तिथे मी लिहिलं, आणि कागद शिंप्याच्या हातात दिला.

“वाचा. मोठ्याने वाचा. तुमचा आवाज गल्लीला ओळखीचा आहे.”

शिंप्याने चष्मा वर केला. “पुढच्या खोलीवरची एक रीप,” तो वाचायला लागला. “साल न काढलेली. बाद ढिगातून उचललेली. निवडणारी आणि ठोकणारी...” तो थांबला, माझ्याकडे पाहिलं.

“पुढे.”

“निवडणारी आणि ठोकणारी मिस्त्रीची मुलगी, वय वर्षे नऊ. मिस्त्रीने चार वर्षांनी ती स्वतः शोधून काढली आणि घरमालकाला कळवलं.”

डॉक्टरिणीने हळूच तोंडावर हात ठेवला. आत्या रडत होती. मी आतोबासमोर जाऊन उभी राहिले.

“आता नाव ठेवा,” मी म्हटलं. “अप्पांना हाक मारायचात तशी मला मारा. भुंगा म्हणा. शिंपी इथेच आहे, साक्षीला. एवढ्याशा आवाजात नको. तेव्हा कोपऱ्यावर ऐकू यायचं, तेवढ्या मोठ्याने.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मी थांबले. चांगली थांबले, घड्याळाचे काटे ऐकू येईपर्यंत.

“म्हणवत नाही ना?” मी विचारलं. “मी तर खरीच भुंगा आहे.”

त्याने मान खाली घातली. मी शिडी दुमडली आणि निघाले. आत्या दारापर्यंत आली, पण मला तिच्याशी बोलता आलं नाही.

कचेरीत परत आले तेव्हा सगळे घरी गेले होते. मी बरणीच्या झाकणावरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली. नवी लिहिली, ‘ठकी’, आणि तिच्याखाली तीन रेघा ओढल्या. मग लाकडाला कान लावून बसले. ती आत खात होती. अप्पांना मी भित्रे म्हणाले होते त्या दिवशी त्यांनी खिळा मारायचा थांबवला असता, वर पाहिलं असतं, तर मी काय केलं असतं, एवढाच विचार मी तिथे बसून करत होते.